थीम पार्कातली रांग आणि माझा नातू

साताऱ्याहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचे ठरले, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती आवाजाची. माझा नऊ वर्षांचा नातू स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि त्याच्या बाबतीत स्वमग्नतेचा सर्वांत ठळक भाग म्हणजे संवेदनांची उलटसुलट तीव्रता. कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून गच्चीवर पळतो. मात्र झोपाळ्यावर उंच झोके घ्यायला त्याला वेळेचे बंधन लागत नाही. शर्टाच्या कॉलरमागचे लेबल त्याला दिवसभर टोचत राहते. तरीही दोन गाद्यांच्या मध्ये स्वतःला दाबून घेऊन पडून राहणे हा त्याचा आवडता विसावा आहे. अशा मुलाला थीम पार्कात न्यावे का, यावर नातेवाइकांचे सरळ दोन तट पडले. निम्मे म्हणाले, “कशाला उगाच पोराचे हाल?” उरलेल्या निम्म्यांचे नेतृत्व वाईच्या माझ्या थोरल्या बहिणीकडे होते, आणि तिचे म्हणणे असे की गर्दीत नेऊन नेऊनच गर्दीची सवय होते. सूनबाईने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि वहीत पार्कातल्या राइड्सची यादी करायला घेतली.

मला तिची ही रीत पटली, कारण दोन्ही तटांच्या बोलण्यात पार्क ही एकच अखंड गोष्ट होती; तिथे जायचे किंवा जायचे नाही, एवढाच प्रश्न होता. प्रत्यक्षात थीम पार्क म्हणजे एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या संवेदनांचा बाजार असतो. एका ठिकाणी गिरकी असते, दुसऱ्या ठिकाणी अंधार, तिसऱ्या ठिकाणी पाणी, चौथ्या ठिकाणी कर्कश संगीत. यांपैकी काही गोष्टी माझ्या नातवाला असह्य आहेत आणि काहींसाठी तो अक्षरशः आसुसलेला असतो. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी 1970 च्या दशकात संवेदनांच्या एकत्रीकरणाची, म्हणजे मेंदू निरनिराळ्या संवेदनांची जुळणी कशी करतो याची, जी मांडणी केली, तिच्या काही भागांवर तज्ज्ञांमध्ये अजूनही वाद आहेत. पण स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांकडून मिळणारी जाणीव यांकडे त्यांनी जे लक्ष वेधले, त्याचा उपयोग आमच्यासारख्या घरांना रोज होतो. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाचे निकष सुधारले, तेव्हा संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत प्रथमच स्पष्टपणे आला. अतितीव्र आणि अतिमंद हे दोन्ही एकाच मुलात, एकाच दिवशी असू शकतात, हे मात्र बहिणीला समजावून सांगणे अजून मला जमलेले नाही.

सूनबाईच्या यादीला आधार होता तो परदेशातल्या एका प्रथेचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील सेसमी प्लेस हे पार्क 2018 साली स्वमग्नतेसाठी प्रमाणित झालेले पहिले थीम पार्क ठरले, आणि तिथे प्रत्येक राइडला स्पर्श, चव, आवाज, गंध आणि दृष्टी या पाच संवेदनांसाठी 1 ते 10 असे गुण दिलेले असतात; आकडा जितका मोठा, तितका त्या संवेदनेचा मारा जास्त. पालकांनी फलक पाहायचा आणि ठरवायचे. आपल्याकडे असा फलक मिळत नाही, म्हणून तो घरी करायचा. राइडमध्ये बसलेल्या माणसाने कॅमेरा धरून काढलेले व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर सापडतात; ते आधी आवाज बंद करून, मग हळूहळू आवाज वाढवून नातवासोबत पाहिले. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे मोजमापाशिवाय मला करमत नाही. तेव्हा तक्त्यात मी आणखी तीन रकाने वाढवले. पहिला गिरकी आणि तोल यांचा, दुसरा रांगेचा आणि तिसरा राइड संपल्यावर काय होते याचा. पाच संवेदनांचे गुण उपयोगी आहेत, यात शंका नाही. पण आमच्या नातवाचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या दोन रकान्यांत, आणि तेच दोन रकाने कोणी छापत नाही.

राइड संपल्यावरची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यामागचे कारण मला स्वतःला फार रंजक वाटले. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरू लागले की नलिका फिरते, द्रव मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला गिरकी कळते. पण गिरकी एकाच वेगाने चालू राहिली की काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि जाणीव मंदावते. मग राइड थांबते. नलिका थांबते, द्रव मात्र पुढे जात राहतो, आणि स्थिर उभ्या असलेल्या माणसाला आपण उलट दिशेने फिरत आहोत असे वाटते. मोठी माणसे त्याला चक्कर म्हणतात, हसतात आणि कठड्याला धरून उभी राहतात. ज्या मुलाचा मेंदू तोलाच्या संदेशांचा हिशेब वेगळ्या पद्धतीने लावतो, त्याच्यासाठी नेमका हाच क्षण अवघड असतो, आणि नेमक्या याच क्षणी कर्मचारी शिट्टी मारून “चला, चला, बाहेर” असे म्हणत असतो. मॅजिक कॅरोसेलच्या घोड्यावर आमचा नातू मनापासून हसत होता. उतरताना त्याने पायरीवरच बसकण मारली. माझ्या मुलाने त्याला उचलले नाही. त्याने दोन्ही तळहात त्याच्या खांद्यांवर ठेवून खाली घट्ट दाब दिला, आणि तो स्वतः उठेपर्यंत एक शब्दही उच्चारला नाही. खांद्यांवरचा आणि सांध्यांवरचा दाब अनेक मुलांना आपले शरीर जागेवर आहे याची खात्री देतो. आमच्याकडे तो औषधासारखा लागू पडतो.

प्रवासाचीही तयारी लागते. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीला घाट चढावा लागत नाही, बोगदा लागतो. आत शिरताच उजेड जातो आणि गाड्यांचा आवाज भिंतींवरून परत येतो. नातवाला बोगदे पाठ आहेत, त्यामुळे तो आधीच इअरमफ चढवून बसतो. आमच्या लक्षात यायला वेळ लागला तो खंडाळ्याच्या उताराचा प्रकार. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी थोड्या वेळात पाचशेहून अधिक मीटर खाली येते, हवेचा दाब वाढतो आणि कानात दडे बसतात. आपण जांभई देऊन मोकळे होतो. ज्याला कानाची प्रत्येक गोष्ट मोठी वाटते, त्याला आपल्या कानाला काय झाले हे सांगता येत नाही; तो फक्त चिडतो, आणि पार्कच्या दारात पोहोचण्याआधीच निम्मा दमतो. घाट सुरू होण्यापूर्वी चघळायला काहीतरी आणि पाण्याचे लहान लहान घोट, एवढ्यावर हे निभते. खाली उतरल्यावर कोकणच्या बाजूची दमट हवा लागते. साताऱ्याच्या कोरड्या हवेत चालणारा शर्ट तिथे अंगाला चिकटतो, म्हणून लेबले कापलेले जुने सुती शर्ट दोन जादा घेतले होते. नवे कपडे घालून सहलीला जायचे असते, हा आजीचा आग्रह या एका बाबतीत आम्ही मोडून काढला.

आता रांग. सुटीचे दिवस टाळून आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, तरी लोकप्रिय राइडला रांग असतेच. रांगेची रचना पाहिली तर तिच्यात आमच्या नातवाला नको असलेली प्रत्येक गोष्ट एकत्र बांधलेली असते. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असतात, म्हणजे बाहेर पडायला वाट नसते. पुढचा माणूस अचानक मागे सरकतो, मागच्याची बॅग पाठीला लागते, आणि हा स्पर्श कधी होईल हे आधी कळत नाही. वर पत्र्याचे छप्पर, त्यावर लावलेला लाउडस्पीकर आणि त्यातून तेच तेच संगीत. या सगळ्यापेक्षा कठीण असते ती शेवट न दिसण्याची अवस्था. घरी “मोठा काटा सहावर आला की जेवायचे” असे सांगितले की तो निश्चिंत बसतो, कारण घड्याळ खोटे बोलत नाही. रांग मात्र कधी भरभर सरकते, कधी थबकते, आणि “झालंच आता” हे मोठ्यांचे आश्वासन त्याने केव्हाच निकालात काढलेले आहे. आम्ही वेळेऐवजी वळणे मोजली. कठड्यांची किती वळणे उरली हे त्याने स्वतः बोटाने मोजायचे आणि प्रत्येक वळणाला एक बोट मिटायचे. वळणाला शेवट असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. शिवाय पाण्याच्या बाटल्यांची जड पाठपिशवी त्याच्याच पाठीवर दिली होती. पाहणाऱ्यांना ते क्रूर वाटले असावे, पण ते ओझे त्याला स्थिर ठेवते.

राजासॉरस या डायनोसॉरच्या राइडच्या रांगेत दुसरा उपाय करावा लागला. सूनबाई रांगेत उभी राहिली, आणि नातू व मी बाहेर सावलीत फेऱ्या मारत राहिलो. ती दाराजवळ पोहोचल्यावर तिने फोन केला आणि आम्ही कठड्याजवळून आत शिरलो. मागे उभे असलेले एक गृहस्थ साहजिकच बोलले, “एवढा मोठा मुलगा, दहा मिनिटं उभा राहू शकत नाही का?” सूनबाई म्हणाली, “नाही राहू शकत, काका.” आवाज चढवला नाही, स्पष्टीकरण दिले नाही, माफीही मागितली नाही. गृहस्थ गप्प झाले. मग आमच्या नातवाने त्यांना सांगायला सुरुवात केली की राजासॉरस खराखुरा भारतीय डायनोसॉर आहे, त्याची हाडे गुजरातेत राहियोलीला सापडली, त्याला 2003 मध्ये नाव दिले गेले आणि त्याच्या डोक्यावर शिंगासारखा उंचवटा होता. राइडची बोट येईपर्यंत त्या गृहस्थांची सुटका झाली नाही. त्यांनी दोन प्रश्नही विचारले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कांत 2013 पासून अशी सोय आहे की ज्यांना स्वमग्नतेसारख्या अपंगत्वामुळे रांगेत उभे राहणे शक्य नाही अशा व्यक्तींना परत येण्याची वेळ मिळते. तेवढा वेळ त्यांनी बाहेर कुठेही काढायचा. त्यांची प्रतीक्षा माफ होत नाही, फक्त ती कठड्यांच्या आत करावी लागत नाही. हा फरक आपल्याकडे लोकांना पटकन उमजत नाही. बहुतेक पार्कांत जादा पैसे भरून रांग टाळण्याचा पास मिळतो, त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. मुलाच्या अडचणीसाठी तीच वाट मागितली की मात्र आपण दुसऱ्याचा नंबर खाल्ला असे होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश 21 प्रकारच्या अपंगत्वांत आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांत भाग घेण्याच्या हक्काची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. पार्क खासगी असले तरी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवावे आणि जाण्याआधी फोन करून विचारून घ्यावे, कारण दारात उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाकडून कायद्याच्या ज्ञानाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आवाजाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट अशी की सर्वांत वाईट आवाज राइडचा नसतो. रोलर कोस्टर लांबून घरघरत येतो, तो येणार हे दिसते. इमॅजिकातली निट्रो ताशी सुमारे 105 किलोमीटर वेगाने जाते आणि तिच्यावरची माणसे जीव खाऊन ओरडतात. आमचा नातू उंचीच्या अटीत बसत नाही, पण खाली उभा राहून प्रत्येक गाडी कधी वर पोहोचते आणि कधी सुटते हे त्याने इअरमफ लावून कितीतरी वेळ आनंदाने पाहिले, आणि माझ्या मते तिकिटाचा मोठा हिस्सा तिथेच वसूल झाला. वाईट आवाज असतो तो स्वच्छतागृहातल्या हात वाळवण्याच्या यंत्राचा. कॅनडातील कॅलगरीची नोरा कीगन हिने शाळकरी वयात सार्वजनिक स्वच्छतागृहांतील 44 यंत्रांचा आवाज वेगवेगळ्या उंचीवर मोजला. तिचा लेख 2019 मध्ये बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यातून काही यंत्रांचा आवाज मुलांच्या कानाच्या उंचीवर 100 डेसिबलच्या पुढे जातो हे दिसले. मुले कान दुखतात म्हणतात ते खरेच आहे, असा त्याचा अर्थ. एक्स्प्रेसवेवरच्या विश्रांतीच्या ठिकाणांपासून हे यंत्र सर्वत्र असते, आणि फरशीच्या बंद खोलीत दुसऱ्याच कोणाच्या हाताखाली ते अचानक गरजते. माझा मुलगा आधी आत जाऊन कोणी हात धूत नाही ना हे पाहतो आणि मगच हाक मारतो. खिशात हातरुमाल असतो.

इअरमफ आम्ही खेळण्यांच्या किंवा औषधांच्या दुकानातून घेतलेले नाहीत. साताऱ्यात एमआयडीसीतल्या कारखान्यांना हेल्मेट आणि हातमोजे पुरवणारी दुकाने आहेत, तिथे कामगारांसाठीचे इअरमफ मिळतात. ते दणकट असतात. दिवसभर ते लावून ठेवू नये, असा आमच्या थेरपिस्टचा सल्ला आहे, कारण कानाला शांततेचीच सवय झाली की साधे आवाजही मोठे वाटू लागतात. राइडवर बसताना सैल वस्तू काढून ठेवाव्या लागतात, त्यामुळे खिशात फोमचे कानबोळे असावेत, आणि ते घालायची सवय घरी आधीच झालेली असावी. आमची तालीम राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर, संध्याकाळच्या गर्दीत, कोपऱ्यावर उभे राहून झाली. पुसेगावच्या यात्रेत सकाळी लवकर, लाउडस्पीकर सुरू होण्यापूर्वी, आकाशपाळणाही त्याने पाहून घेतला होता.

दुपारनंतर बांध फुटला. नेमके कारण सांगता येणार नाही, आणि एकच कारण असतेही असे नाही. पाण्याच्या राइडमध्ये भिजलेली विजार बदलली होती, पण बुटात पाणी राहिले होते. जेवणाच्या जागी ताटांचा खणखणाट होता. त्याने आत केवळ कोरडे फ्राइज खाल्ले होते, गाडीत खाल्लेला दहीभात केव्हाच जिरला होता. आणि त्यात एका चौकात ढोलासारखे संगीत अचानक सुरू झाले. तो जमिनीवर बसला, डोके गुडघ्यांत घातले आणि ओरडू लागला. पाहणारे याला हट्ट म्हणतात. हट्ट करणारे मूल मधूनमधून आपल्याकडे कोण पाहते आहे हे पाहते, आणि हवी ती वस्तू दिली की थांबते. याला त्या वेळी काहीही नको असते. आइस्क्रीम दाखवले तर तो आणखी एक त्रास होतो. एका भल्या बाईंनी प्रेमाने त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि तो हलका स्पर्श त्याला चटका बसल्यासारखा लागला. सूनबाईने बाईंना हात जोडून दूर राहायला सांगितले. माझ्या मुलाने त्याला उचलून एका दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी नेले. ती जागा सकाळी आल्याआल्याच हेरून ठेवली होती. तिथे बूट आणि मोजे काढले, इअरमफ चढवले, पाठीला भिंत आणि समोर बापाची पाठ. मी चौकाच्या बाजूने छत्री उघडून धरली. कोणी बोलले नाही. ओरडण्याचे कण्हणे झाले, कण्हण्याचे गुणगुणणे झाले, आणि बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “आबा, बूट कुठं गेले?”

निघालो तेव्हा ऊन बरेच होते आणि तिकीट संध्याकाळपर्यंतचे होते. पैसे वसूल करणे हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला फार जुना संस्कार आहे. लग्नाच्या पंगतीपासून भाड्याच्या गाडीपर्यंत तो आपली पाठ सोडत नाही. थीम पार्कात तो सर्वांत महागात पडतो, कारण मेल्टडाउननंतर, म्हणजे असा बांध फुटल्यावर, शांत झालेले मूल ताजेतवाने झालेले नसते, रिकामे झालेले असते; त्याला पुन्हा रांगेत उभे केले तर दुसरा बांध पहिल्यापेक्षा लवकर फुटतो. माझा मुलगा दोन राइड्स राहिल्याचे एकदाच म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवला होता. शाळेला आधीच कळवले होते, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितले होते, टीव्ही बंद होता. नातू बराच वेळ गाद्यांत दबून होता आणि दुपारी उठून त्याने तक्त्यातले आमचे गुण खोडायला घेतले. मॅजिक कॅरोसेलला मी “नंतर” या रकान्यात 7 दिले होते, त्याने 9 केले. निट्रोच्या खाली, ज्या राइडला तो बसलाच नव्हता, त्याने सर्व रकान्यांत 1 लिहिले. हे दुरुस्त केलेले आकडे मी टंकलिखित करून पार्कच्या व्यवस्थापनाला पाठवले आहेत आणि सोबत तीन मागण्या केल्या आहेत: प्रत्येक राइडच्या तोंडाशी असा तक्ता, रांगेबाहेर थांबण्यासाठी वेळेची चिठ्ठी, आणि पंखा व दार असलेली एक लहान शांत खोली. खोलीला फारसा खर्च येत नाही. सामान ठेवायच्या एखाद्या कोठीतही ती होऊ शकते, आणि कशी करावी याचा कच्चा आराखडा मी पत्राला जोडला आहे. उत्तर आले की इथे लिहीन.